चष्मेवाल्यासाठी वेगळा पत्ता

ल्याव शिउ-मानच्या आईला कॅन्सर झाला आहे, हे आईला कळलं ते एका जाहिरातीवरून.

तपासणीचा निकाल शुक्रवारी आला होता. डॉक्टरांनी तो शिउ-मानला आणि तिच्या धाकट्या भावाला, चुन-लियांगला, बाजूला घेऊन सांगितला होता, आणि दोघांनी ठरवलं होतं की नवं वर्ष होऊन जाऊ दे, मग आईशी बोलू. आई तेव्हा नुकतीच मोबाइलवर ईमेल उघडायला शिकली होती. आलेलं प्रत्येक पत्र ती मोठ्याने वाचायची. मंगळवारी सकाळी तिने वाचलं की डोंगराच्या कुशीत, समोर समुद्र दिसेल अशा अस्थिमंदिरात आपला कोनाडा आजच राखून ठेवा, गंभीर आजाराच्या रुग्णांना खास सवलत. वर तिचं पूर्ण नाव होतं. वाचून झाल्यावर तिने लेकीकडे पाहिलं. शिउ-मान पेजेच्या भांड्यात डाव फिरवत राहिली.

"म्हणजे मला काय झालंय ते यांना ठाऊक आहे," आई म्हणाली. "आणि तुलाही."

आई पाच महिने जगली. त्या पाच महिन्यांत शिउ-मान इस्पितळात गेली, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली, औषधांच्या दुकानात, विम्याच्या माणसाकडे, सगळीकडे गेली. सगळ्यांनी मान हलवून सांगितलं, आमच्याकडून नाही. सगळ्यांकडे आईचा एकच पत्ता होता, त्यामुळे तो कुणी विकला हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

खरं तर असे पत्ते विकले जातात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. युआनलिन गावातल्या एका खासगी शिकवणीत ती प्रवेशाचं काम बघायची. दर उन्हाळ्यात मालक तिच्या टेबलावर सहावीतल्या मुलांच्या आईवडिलांची यादी आणून ठेवायचे, नाव, फोन, ईमेल सगळं. वीस वर्षं तिने ती यादी कुठून येते हे विचारलं नव्हतं. आई गेल्यावर पहिल्यांदा विचारलं. मालक हसले आणि म्हणाले, "ल्याव बाई, तुम्ही आपले फोन लावा." तिने लावले.

त्याच शिकवणीत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला युक्ती सांगितली. इंटरनेटवर स्वतःच्या नावाची जागा विकत घ्यायची, मग पत्त्यातल्या @ या गोल चिन्हाच्या आधी वाटेल ते नाव लिहिता येतं, पत्र येतं आपल्याच पेटीत. प्रत्येक वेबसाइटला, प्रत्येक दुकानाला वेगळं नाव द्यायचं. दातांच्या डॉक्टरांना 'दात' म्हणून दिलेल्या पत्त्यावर उद्या जमिनीची जाहिरात आली की चोर सापडला.

शिउ-मानने एक वही केली. कुठल्या तारखेला, कुणाला, कोणतं नाव दिलं, ते तिच्या बारीक उभ्या अक्षरात त्यात उतरायचं. वही टेबलाच्या खणात असायची आणि खणाची किल्ली तिच्या गळ्यात. वहीतल्या नावांवर आलेली पत्रं पेटीत समोर दिसत. वहीत नसलेल्या नावावर कुणी अंदाजाने काही पाठवलं तर ते मागच्या एका ढिगात जाऊन पडे, आणि तो ढीग ती उघडूनही बघत नसे.

पहिल्याच वर्षात तिने चपलांचं एक दुकान पकडलं. मग एक देऊळ पकडलं, जिथे तिने वर्षभर तेवणाऱ्या दिव्यासाठी नाव नोंदवलं होतं. कागद छापून घ्यायचे, भर गर्दीच्या वेळी जायचं, आणि आवाज न चढवता वाचून दाखवायचं. समोरचा आधी नाकारायचा, मग गोंधळायचा, मग त्याच्या मानेवर लाल डाग चढायचे. ते डाग तिला ओळखू यायला लागले होते. दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी बाई तर रडली. तिने यादी मेहुण्याला दिली होती, त्याचं नवं दुकान होतं म्हणून. तिची नोकरी गेली. त्या संध्याकाळी जेवताना शिउ-मानने ती बाई कशी रडली ते हुबेहूब करून दाखवलं.

टेबलाशी तेव्हा चौघं होती. वडिलांना ती आबा म्हणे. त्यांना आई गेल्यावर वर्षभरात अर्धांगाचा झटका आला होता आणि त्यांच्या गळ्याशी रुमाल बांधावा लागे. भाऊ चुन-लियांग, आणि त्याची बायको बी-चू, जी सकाळी बाजारात कपड्यांचं दुकान लावायची आणि दुपारनंतर घरी असायची. आबांना आंघोळ, भरवणं, कूस बदलणं हे सगळं शिउ-मानकडे होतं. ते तिच्याकडे आहे असं कुणी ठरवलं नव्हतं. ती अविवाहित होती, एवढं पुरेसं होतं.

"पण वन्सं, एवढी नावं सुचतात कशी तुम्हाला?" बी-चूने विचारलं होतं.

शिउ-मानला कुणी विचारलेलं आवडायचं. तिने सविस्तर सांगितलं. दुकान असेल तर मालाचं नाव, माणूस असेल तर आडनाव. सोपं आहे. आणि पत्ता खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

बावन्नाव्या वर्षी तिच्या चष्म्याची काडी मोडली, एक काचही तडकली, आणि ती स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या श्ये खुन-मावच्या दुकानात गेली. श्ये छप्पन्न वर्षांचा होता, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, एक लग्न झालेली मुलगी ताइचुंग शहरात. दुकान खाली, राहणं वर, मधे शिडीसारखा उभा जिना. नवी काच आली की कळवतो म्हणून त्याने ईमेल मागितला. दुकानाच्या पाटीवर नुसतं त्याचं आडनावच होतं, तेही चिनी अक्षरांत, म्हणून तिने माल सोडून आडनाव दिलं. इंग्रजी अक्षरांत ते आडनाव लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात. तिने एचपासून सुरू होणारं लिहिलं आणि घरी येऊन वहीत उतरवलं.

काच आल्याचं पत्र आलं. त्यात खाली त्याने लिहिलं होतं की आज एक आजी येऊन गेल्या, त्यांना नवऱ्याच्या जुन्या फ्रेममध्ये स्वतःचा नंबर बसवून हवा होता, फ्रेम त्यांना मोठी होती, पण मी काही बोललो नाही. शिउ-मानने उत्तर दिलं. मग पत्रं येत राहिली. आठवड्यातून दोन, कधी तीन. गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू व्हायच्या आधी दोघं बाजाराच्या कोपऱ्यावर बा-वान, मांसाचं सारण भरलेले मऊ गोळे, खायला भेटू लागली. तो तिच्यासाठी तिखट वेगळं मागून घ्यायचा. चष्मा सैल झाला आहे म्हणून ती दर पंधरवड्याला दुकानात जायची आणि तो तिच्या कानामागे दोन बोटं घालून काडी बघायचा. चष्मा मुळीच सैल नव्हता हे दोघांनाही माहीत होतं.

वर्ष झाल्यावर त्याने विचारलं. आबांना तो जिना चढवणं शक्य नव्हतं, हे त्यानेच आधी बोलून टाकलं. तू इकडे राहायला ये, सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जा, बाकीचं तुझ्या भावाने आणि वहिनीने बघावं, त्यांचेही ते वडील आहेतच.

शिउ-मानने घरी सांगितलं. चुन-लियांग म्हणाला, "बरं झालं." बी-चू पेरू चिरत होती. तिने मिठात घोळवलेली मोठी फोड वन्संच्या बशीत ठेवली आणि म्हणाली, "फारच छान."

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी, पहिलं पत्र आलं. 'एकाकी मनांचा मेळ' अशा नावाच्या कुठल्या वेबसाइटवर नाव नोंदवल्याबद्दल आभार. आपण भरलेली माहिती पुढीलप्रमाणे: शिउ-मान, वय त्रेपन्न, कधीही लग्न नाही, शोधत आहे म्हातारा विधुर, कसाही चालेल. त्या वेबसाइटच्या मागोमाग त्याच दिवशी आणखी अकरा पत्रं आली. वजन उतरवण्याची, दाढीमिशा काढण्याची, आणि काही अशी की ती उघडल्यावर तिने खोलीचं दार लावून घेतलं. सगळी श्येला दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता जगात एकाच माणसाकडे होता.

तिने त्याला विचारलं नाही. हे पुढे तिला फार वेळा आठवणार होतं. विचारायचं असतं हे त्या क्षणी तिच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं ती विचारत नव्हतीच, वाचून दाखवत होती. तिला एवढंच दिसत होतं की तो मित्रांबरोबर बसला असेल, कुणाच्या तरी फोनवर हसतहसत हा फॉर्म भरला असेल, 'कसाही चालेल' हे कुणी सुचवलं असेल.

शनिवारी त्याची मुलगी ताइचुंगहून येणार होती. शिउ-मानला पहिल्यांदा भेटायला. तिघांनी जेवायला जायचं ठरलं होतं.

बाराला ठरलं होतं, ती अकरालाच दुकानात गेली. दोन गिऱ्हाइकं होती, आरशासमोर एक म्हातारी फ्रेम लावून बघत होती, आणि मुलगी काउंटरमागे बापाच्या शेजारी उभी होती, हातात अननसाच्या केकचा डबा, बहुधा शिउ-मानसाठी आणलेला. शिउ-मानने पिशवीतून कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पत्र पूर्ण वाचलं, स्वतःच्या वयासकट. मग दुसरं. ज्यांच्यात घाणेरडे शब्द होते तीही वाचली, स्पष्ट उच्चारात, शिकवणीत नियम वाचून दाखवायची तशी. म्हातारी फ्रेम डोळ्यांवर तशीच ठेवून वळली.

"शिउ-मान," श्ये म्हणाला, "हे मी केलेलं नाही."

"सगळे हेच म्हणतात."

"तुला कसं वाटलं मी..."

तिने त्याला समजावून सांगितलं. शांतपणे, जरा अभिमानानेच. प्रत्येकाला वेगळा पत्ता, प्रत्येकाचं वेगळं नाव, वहीत नोंद. हा पत्ता फक्त तुम्हाला दिलेला. आजवर एकही चूक झालेली नाही.

तिने त्याची मान बघितली. लाल डाग चढले नाहीत. त्याने हातातला बारीक पेचकस कापडावर ठेवला.

"म्हणजे वर्षभर मी जी पत्रं लिहिली," तो म्हणाला, "ती त्या पत्त्यावर?"

"हो."

"मला वाटलं तो तुझा पत्ता आहे."

"माझाच आहे."

"नाही," तो म्हणाला. मग त्याने खालचा खण उघडला, एक डबी काढली आणि काउंटरवर ठेवली. "ल्याव बाई, तुमचा वाचायचा चष्मा तयार आहे. घेऊन जा."

शिउ-मान दारातून बाहेर पडत असताना मुलीने केकचा डबा काउंटरखाली ठेवून दिला, तेवढं दिसलं.

गाव लहान आहे. म्हातारीने बाजारात सांगितलं, बाजाराने शाळेत सांगितलं. चष्मेवाला शेठ बायकांचे पत्ते घाणेरड्या ठिकाणी विकतो, असं त्याचं झालं. शिकवणीत मुलांना सोडायला आलेल्या आया शिउ-मानला विचारत, खरं का हो, आणि ती म्हणे, माझ्याकडे कागद आहेत. लोक चष्म्यासाठी स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात जाऊ लागले. नव्या वर्षानंतर श्येने शटर ओढलं आणि तो मुलीकडे ताइचुंगला राहायला गेला. त्या दुकानात आता बुडबुड्यांचा चहा मिळतो, साबुदाण्यासारख्या गोळ्या घातलेला.

शिउ-मान पुन्हा सकाळी पाचला उठून आबांची कूस बदलायला लागली. खरं तर तिने ते कधी थांबवलंच नव्हतं.

सात महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, पेटी भरली आहे, काही पुसा, असा निरोप आला. तिने मागचा ढीग उघडला. वहीत नसलेल्या नावांवर आलेली हजारो पत्रं होती, वाटेल त्या अक्षरांची. ती एकदम सगळी पुसणार होती. पण यादी तारखेने लावली तेव्हा एका ठिकाणी तिचा हात थांबला. 'एकाकी मनांचा मेळ', नाव नोंदवल्याबद्दल आभार. तारीख तीच. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. पत्ता श्येच्या आडनावाचा, पण एक्सपासून लिहिलेला. त्याच्याखाली, तीन अकरा, एसपासून लिहिलेला. त्याच्याखाली, तीन बारा, 'चष्मा'. प्रत्येकात तीच माहिती. वय त्रेपन्न. कसाही चालेल.

श्येला तिने एकच पत्ता दिला होता, एचचा, आणि वर्षभर तो त्याच पत्त्यावर लिहीत होता. त्याला बाकीचे करून बघायची गरज नव्हती. हे दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं, ज्याला तिची रीत माहीत होती, जागेचं नाव माहीत होतं, आणि फक्त आडनाव कुठल्या अक्षराने लिहिलंय ते माहीत नव्हतं. गुरुवारी तीन वाजता. ती शिकवणीत असायची तेव्हा. दुपारनंतर घरी कोण असे, हे तिला वहीत बघायची गरज नव्हती.

तिने श्येला लिहिलं. चार वेळा लिहिलं, तीन वेळा पुसलं. सगळं सांगितलं, तीन अक्षरांसकट, आणि माफी मागितली. सहा दिवसांनी उत्तर आलं, त्याच पत्त्यावर, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हताच. कळवल्याबद्दल आभार, त्याने लिहिलं होतं. पुरावा मिळाला तेव्हा मी चोर झालो, दुसरा पुरावा मिळाला तेव्हा साव झालो. दोन्ही वेळा तुम्हाला माझी गरज पडली नाही. आबांना नमस्कार सांगा.

त्यानंतर तिने आणखी दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

बी-चूला तिने त्याच दिवशी विचारलं, ज्या दिवशी हे उत्तर आलं. दुपार होती. बी-चू स्वयंपाकघरात रताळ्याची पानं निवडत होती, चुन-लियांग बाहेर टीव्हीसमोर होता. शिउ-मानने या वेळीही कागद छापून आणले होते, पण वाचले नाहीत. ते टेबलावर ठेवले.

बी-चूने वाकून बघितलं. हात पुसले नाहीत. नाकारायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्यामुळे शिउ-मानचा जो काही तोल होता तो तिथेच गेला.

"हो, मी केलं," बी-चू म्हणाली. "तुम्ही त्या जिन्यावर चढून गेल्या असतात, आणि इथे हे सगळं मी उचललं असतं. बारा वर्षं दुकान लावून माझे गुडघे गेलेत, वन्सं. मला कुणी विचारलं? हा विचारणार होता?" तिने हनुवटीने टीव्हीकडे दाखवलं.

शिउ-मान म्हणाली, "त्या माणसाचं दुकान गेलं."

"ते मी घालवलं?" बी-चूने पानाचा देठ मोडला. "मी चार फॉर्म भरले. मला वाटलं तुम्ही त्याला विचाराल, भांडाल, महिनाभर रुसाल, तेवढ्यात काहीतरी निघेल. दुकानात मुलीसमोर उभं राहून ते वाचायला मी नाही सांगितलं. ते तुमचं तुम्ही केलंत. आणि आवडीने केलंत. तुम्ही घरी येऊन सांगत होतात तेव्हा मी इथेच होते ना."

बाहेर टीव्हीचा आवाज थोडा वाढला. चुन-लियांगने तो वाढवला होता. शिउ-मानला कळलं की त्यालाही माहीत होतं, केव्हापासून ते कळलं नाही, आणि तिने ते विचारलं नाही.

बी-चूने पानं धुतली, लसूण ठेचला, आणि थोड्या वेळाने मागे न वळता म्हणाली की आबांची चार वाजताची पेज राहिली आहे.

आतून आबा हाक मारत होते. झटक्यानंतर त्यांना तिचं नाव पूर्ण घेता येत नसे, नुसतं "मान, मान" असं यायचं. इतके दिवस ती पहिल्या हाकेला उठायची. त्या दिवशी ती खुर्चीत बसून राहिली. सहावी हाक झाली, सातवी झाली. मग हाक थांबली आणि चमचा बशीवर आपटल्याचा आवाज यायला लागला. तेव्हा ती उठली.

पेज थंड झाली होती, वर साय धरली होती. आबांना ती चटका बसेल इतकी गरम लागायची, हे घरात तिला एकटीलाच माहीत होतं. तिने ती तशीच नेली. रुमाल बांधला आणि भरवायला सुरुवात केली, एक घास गिळून व्हायच्या आत दुसरा. आबा चांगल्या डोळ्याने तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि पेज वाकड्या कोपऱ्यातून गळत राहिली.

"भांडण झालं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "जेवा."

आणि तिने त्यांची हनुवटी पुसली, पुन्हा पुसली, ती कोरडी झाली होती तरी पुसत राहिली, कातडी लाल होईपर्यंत. म्हातारा हलला नाही. आपलं काय चुकलं हे न कळलेल्या माणसासारखा तो मान वर करून बसून राहिला, तिला नीट पुसता यावं म्हणून.

ते त्यानंतर आणखी तीन वर्षं जगले. बी-चूच्या म्हणण्याप्रमाणे शिउ-मानने त्यांचं सगळं केलं, आणि ते खरंच आहे, सगळं केलं. फक्त शेवटच्या दोन वर्षांत आबांनी तिला नावाने हाक मारणं सोडलं होतं. काही हवं असलं की ते थांबून राहायचे, ती आपणहून येईपर्यंत.